बाहुलीचे डोळे

बेव्हर्ली पार्कात आमच्या शेजारी राहणाऱ्या छोटीने काल तिची बाहुली माझ्या मांडीवर ठेवली. मी ती उभी केली, तसे तिचे मिटलेले डोळे टक्कन उघडले आणि मला ते खोकं आठवलं.

तेव्हा मी कस्टम एजंटच्या ऑफिसात नवीन होते. परदेशातून आलेला माल नेमका काय आहे हे आम्ही ठरवायचो, आणि त्यावरून ड्युटी लागायची. त्या खोक्यावर लिहिलं होतं, बाहुल्यांचे काचेचे डोळे. झाकण काढलं तर कापसातून सगळे माझ्याकडेच बघत होते.

आमच्या सीनियर, उत्तनच्या फिलोमिना मॅडम, एकेक उचलून बघत म्हणाल्या, "हे बाहुल्यांचे न्हाय. बाहुलीचे जोडीने येतात. हे सगळे एकेकटे हायत. माणसाचा डोळा सहसा एकच जातो, त्याच्या जागी बसवायचे हे."

तळाशी मात्र एक जोडी निघाली. अगदी लहान.

मॅडमनी ती परत कापसात गुंडाळली. मग म्हणाल्या, "ही बाहुलीचीच असंल. तसंच लिही."

काल मी छोटीच्या बाहुलीचे डोळे खिडकीशी नेऊन निरखले. त्यांतलं पांढरं अगदी स्वच्छ होतं. खोक्यातल्या त्या जोडीत बारीक तांबड्या शिरा होत्या, नुकतंच रडून झाल्यासारख्या.