आक्रातला मासळीबाजार

घानात आक्राला आम्ही पेणहून राहायला आलो, तेव्हा वरच्या मजल्यावर रोह्याजवळच्या वरश्याचे एक गृहस्थ होते. रंगाच्या कंपनीत शिफ्ट करत. कोणी आभार मानले की लगेच विषय बदलत.

महिन्याभरात माझ्या बायकोने परत जायचे ठरवले. "इथं मी मुकी झालेय," म्हणाली.

ते ऐकून त्यांनी आम्हा दोघांना मासळीबाजारात नेले. "वैनी, पेणला करता तशीच घासाघीस करा. मराठीत. मी हितंच हाय." भाव विचारायला मी पुढे झालो, तर त्यांनी माझा दंड धरला. "तुमी नाय."

हिने कल्ले उचलून पाहिले, नाक मुरडले आणि पाठ फिरवली. मासेवाली हसत मागून हाका मारू लागली.

परत येताना हिने त्यांना विचारले, "भाऊजी, इथं विळी कुठं मिळेल हो?"