कुत्र्याला शाळेत घालावं की नाही

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही त्यांसही, कळवण्यात येते की नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असताना, माघातल्या एका रविवारी सकाळी, मुरबाड तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओटीवर एक ऐतिहासिक बैठक भरली. विषय एकच. घरातल्या सर्वांत लहान सदस्याला निवासी शिक्षणासाठी तीन महिने खर्डीला पाठवावं की पाठवू नये. सदस्याचं वय दीड वर्ष, रंग तांबूस, एक कान उभा, एक पडलेला. बैठक चालू असताना तो अध्यक्षांच्या, म्हणजे माझ्या, चपलेवर हनुवटी टेकून झोपला होता.

त्याचं नाव मी सांगणार नाही. त्याची नातवंडं आजही धसईच्या बाजारात तोंड वर करून फिरतात, त्यांना उगाच त्रास नको.

त्याच्यावर आरोप असा होता की तो सरळ चालतो. तुम्ही म्हणाल, हा काय आरोप झाला? पण कुत्र्याने सरळ चालायचं नसतं. कुत्रा वास घेत, रेंगाळत, प्रत्येक खांबाची विचारपूस करत जातो. आमचा निघाला की दोरी ताणून आखल्यासारखा निघायचा. समोर माणूस असो, म्हैस असो, त्याची रेघ बदलत नसे. हाका मारा, शिट्ट्या घाला, ढिम्म. मग कुठेतरी, त्याचं त्याला वाटेल तिथे, तो गर्रकन वळायचा आणि तसाच सरळ परत यायचा. शिवाय दुपारी बारा वाजले की असेल तिथे बसायचा. एकदा तो लग्नाच्या मांडवात होता. तिथेही बसला, नेमका नवरदेवाच्या वाटेत.

मी त्याला दोरी लावून धसईच्या बाजारात नेलं तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मूर्खपणा. भाजीवाल्या बायका दोन रांगांत ढीग लावून बसल्या होत्या. आमचे चिरंजीव पहिल्या रांगेतून निघाले ते वालाच्या शेंगा, वांगी, मुळे, मेथी असे सगळे ढीग पायाखाली घेत टोकापर्यंत गेले. टोकाला झोकात वळले आणि दुसऱ्या रांगेतून परत आले. दोरीच्या दुसऱ्या टोकाला मी, ऑफिसची पँट घातलेला, माफी मागत धावतोय. शेवटच्या ढिगावरची म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय रं, कुत्रा फिरवतोस का नांगर धरलायस?"

सगळा बाजार हसला. मीही हसलो, दुसरं करणार काय? त्या म्हातारीने अख्ख्या प्रकरणाचा निकाल तिथेच लावला होता. पण मी पडलो शिकलेला माणूस, मला ते कळलं नाही.

मग पंधरा दिवसांनी फाट्यावर तो एसटीसमोर गेला. तसाच, सरळ. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, आतल्या टोपल्या पुढे आल्या, बाया ओरडल्या. ड्रायव्हरने खिडकीतून मान काढून मला विचारलं, "तुमचा का?" मी म्हणालो, "नाही." त्यावर तो माझ्या पायाशी येऊन बसला आणि वर बघू लागला.

हा असाच एक दिवस गाडीखाली जाणार, हे उघड दिसत होतं.

मी तेव्हा शहापूरला एका ऑफिसात कारकून होतो. तिथल्या एका सहकाऱ्याचा आसनगावला बंगला होता आणि बंगल्याला शोभेल असा कुत्रा होता. त्या कुत्र्याला इंग्रजी कळायचं. 'सिट' म्हटलं की बसायचा, 'स्टे' म्हटलं की पुतळा व्हायचा. हे सगळं तो खर्डीच्या एका प्रशिक्षकाकडे तीन महिने राहून शिकला होता. मी आधी घरीच प्रयत्न केला. आठ दिवस अंगणात उकिडवा बसून 'सिट, सिट' म्हणत होतो. आठव्या दिवशी आमच्या कुत्र्याने जांभई दिली. आमची आई म्हणाली, "तूच बसतोस रोज. तो बगतो."

तेव्हा खर्डीला निरोप पाठवला. उत्तर आलं, या घेऊन. तीन महिने ठेवावं लागेल. पहिला महिना घरच्या कोणी भेटायला यायचं नाही, आला तर कुत्रा शिकलेलं विसरतो.

इथेच सगळं अडलं, कारण आमचे वडील.

आमच्याकडे दोन बैल होते. बाजूच्या पाड्यावरून हे पिल्लू आणलं ते भातकापणी झाल्यावर, थंडीच्या तोंडाला. आई घरात घेईना म्हणून ते गोठ्यात बैलाच्या पोटाला चिकटून झोपलं आणि तिथेच वाढलं. पुढचा पावसाळा झाला. भाद्रपदात एक बैल गेला. एकट्याला ठेवून काय करायचं, म्हणून दिवाळीनंतर दुसरा आत्याच्या घरी दिला. पुढल्या वर्षीपासून नांगरणीला पॉवर टिलर सांगायचा असं ठरलं. ठरवलं मीच. वडील तेव्हापासून बोलायचे थांबले. रागावून नव्हे, भांडून नव्हे. विचारलं तर हो, नाय, एवढं उत्तर मिळे. सकाळी कुत्र्याला घेऊन शेतावर जात आणि दुपारी परत येत. रिकाम्या शेतावर काय करतात, हे मला माहीत नव्हतं. मी सकाळच्या गाडीने शहापूरला जाणारा माणूस.

तर बैठक. ओटीवर आई, बायको, मी. वडील खांबाला टेकून दावं वळत होते. गोठा रिकामा, आणि हे दावं वळतायत.

आई म्हणाली, "तू पयलीत गेलास तवा तुला शाळेच्या दारात सोडला नि आमी भात पेराया गेलो. तुझ्यासाठी नाय कोणी बैठक भरवली."

बायको म्हणाली, "आई, गाडीखाली आला तर?"

"आनि तीन महिने तो नसला तर? हे बोलतील कोणाशी गो? भिंतीशी?"

सगळ्यांनी वडिलांकडे पाहिलं. दाव्याचा पीळ जरा घट्ट झाला.

"तुमी शिकलेली माणसं," ते म्हणाले. "तुमी ठरवा."

मी ठरवलं. गाडीखाली गेला तर तीन महिन्यांसाठी नाही, कायमचा जाईल, असं एक वाक्य मी अध्यक्षीय समारोपात टाकलं. ते वाक्य बरोबर होतं, म्हणूनच कोणाला आवडलं नाही. वडील एवढंच म्हणाले, "सोडाया मी पण येतो." आणि आत जाऊन त्यांनी टोपी बदलली. ती लग्नाला घालायची टोपी होती.

शेजाऱ्याची जीप सांगितली होती. मुरबाड, शहापूर, मग आसनगाव मागे टाकून खर्डी. वडील मागच्या बाकावर, कुत्रा त्यांच्या पायात. दोघंही खिडकीबाहेर बघत होते. मला पोलिसांच्या गाडीतून निघाल्यासारखं वाटत होतं, फक्त पोलीस मी होतो.

प्रशिक्षकाचं शेत हमरस्त्याला लागून होतं. खाकी अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी, हातात वही. मागच्या जाळीत दहा-बारा कुत्री एका सुरात भुंकत होती. त्यांना बघून आमच्या कुत्र्याने पडलेला कानही उभा केला.

"पहिले टेस्ट घेतो," प्रशिक्षक म्हणाले. त्यांनी 'सिट' म्हटलं, 'कम' म्हटलं, शिट्टी वाजवली, बिस्कीट दाखवलं. कुत्र्याने बिस्कीट खाल्लं. बाकी काही नाही. त्यांनी वहीत लिहिलं आणि मला हळूच सांगितलं, "डोक्याने थोडा कमी आहे. टाइम लागेल. चार महिने धरून चला."

चार. मी वडिलांकडे पाहायचं टाळलं. ते बांधावरच्या आंब्याखाली उभे होते.

"मोकळा सोडून बघू," असं म्हणत प्रशिक्षकांनी दोरी काढली, आणि आमचा कुत्रा निघाला. कापलेल्या भाताच्या शेतातून, सरळ, हमरस्त्याकडे. रस्त्यावर ट्रक धडधडत होते. प्रशिक्षकांनी शिट्टी फुंकली. मी 'सिट' म्हणून ओरडलो, 'स्टे' म्हणून ओरडलो, शेवटी त्याचं नावही ओरडलो. तो जातच होता. मी धावलो आणि ढेकळात तोंडावर पडलो.

पडल्या पडल्या मी मागून आवाज ऐकला. फार मोठा नव्हता.

"होऽऽ."

कुत्रा थांबला. एक पाय उचललेला होता, तो तसाच राहिला.

"वळ."

तो वळला, डावीकडून, सुबक.

"मागं सर."

आणि तो मागे सरला. दोन पावलं, तोंड आमच्याकडे, शेपूट रस्त्याकडे. जाळीतल्या कुत्र्यांचं भुंकणंसुद्धा जरा कमी झाल्यासारखं वाटलं, पण ते कदाचित माझ्या कानात माती गेल्यामुळे असेल.

वडील आंब्याखालून बाहेर आले. मग त्यांनी जे केलं ते पाहायला गावोगावची माणसं तिकीट काढून आली असती. जिभेने चटकारा मारला की कुत्रा चाले, 'होऽ' म्हटलं की थांबे, बांधापाशी 'वळ' म्हटलं की वळे. एकामागून एक, सरळसोट तासं, जणू मागे खरोखर नांगर आहे. वडिलांचे हातही तसेच, अदृश्य रुमण्याच्या मुठीवर. लग्नाची टोपी मागे सरकलेली. मी ढेकळातच बसून राहिलो. धसईच्या म्हातारीचं बोलणं मला आत्ता कळत होतं. पिल्लू बैलांबरोबर वाढलं, पावसाळाभर नांगराबरोबर चाललं, आणि आपण बैल आहोत एवढं एकच शिक्षण त्याने पक्कं घेतलं. आम्ही त्याला सांगितलंच नाही कुठे थांबायचं, म्हणून तो चालत राहायचा. बैल तरी दुसरं काय करतो?

बारा वाजले. कुत्रा शेताच्या मधोमध बसला.

"सुटायची वेळ झाली त्याची," वडील प्रशिक्षकांना म्हणाले.

"बाबा, हा मागे चालतो," प्रशिक्षक म्हणाले. "माझा एकपण कुत्रा मागे नाही चालत. किसने सिखाया?"

"कोण शिकवतंय? बैल गेल्यावर मला सवय जाईना, रोज शेतावर बोलायचो त्याच्याशी."

"मग घरी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"लोक हसले असते रे. बैल गेले तर म्हातारा कुत्रा जुपतो म्हणून."

प्रशिक्षकांनी वहीतलं पान काढलं आणि चुरगळलं. "कुत्रा घेऊन जा," ते मला म्हणाले. "बाबांना ठेवा तीन महिने."

"ठेव की," वडील म्हणाले. "पण पयला महिना भेटाया येऊ नको."

पुढे घरातले सगळेच बैलांची भाषा बोलू लागलो. फाट्यावर मी पँट-शर्टात उभा राहून 'होऽ' म्हणायचो आणि कुत्रा रस्त्याच्या कडेला खिळायचा. एकदा पलीकडची बैलगाडीही थांबली. त्या गाडीवानाने मला जे ऐकवलं ते इथे छापण्याजोगं नाही.

पण त्या दिवसाचं सांगतो. परतताना वडील खर्डीपासून बोलत होते. आसनगावला पहिल्या बैलाची गोष्ट झाली, शहापूरला दुसऱ्याची. मुरबाडला जीप चहासाठी थांबली तर टपरीवाल्याला कुत्र्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. जीपच्या ड्रायव्हरलाही सांगितली, तो खर्डीला हजर होता तरी. घरी आलो, हातपाय धुतले, पानावर बसलो, तरी बोलणं चालूच. प्रशिक्षकाची चड्डी, माझं पडणं, मागे सरलेली दोन पावलं. भात निवत चालला होता. कुत्रा उंबऱ्यावर झोपला होता.

आई वाढता वाढता थांबली. वरणाचा डाव हातात तसाच. वडिलांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"शिकवाया नेलात कुत्र्याला, नि बोलाया शिकून आले हे."