करुणाचे डावीकडे गेलेले बाण

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवी होती तिच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसंही नाही. सकाळपासून तिसऱ्यांदा सुरुवात करतो आहे.

आधी चांगलं ते सांगतो. मी अंजनगाव सुर्जीचा. बाबा दुसऱ्याच्या पानमळ्यात कामाला जायचे. पानं खुडायची, निवडायची, करंड्यांत लावायची. त्यांच्या अंगठ्याचं नख कायम काळं असायचं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी अमरावतीला इंजिनिअरिंगला लागलो, आणि दोन वर्षांनी माझी धाकटी बहीण करुणा अकरावीसाठी तिथेच आली. आत्याकडे एका खोलीत आम्ही दोघं राहायचो. खोलीच्या एका कोपऱ्यात माझा ड्रॉइंग बोर्ड, दुसऱ्या कोपऱ्यात तिचं धनुष्य.

धनुष्य तिच्या हातात दिलं ते सरांनी. सर अमरावतीच्या एका मैदानावर पोरापोरींना तिरंदाजी शिकवायचे. एका शालेय स्पर्धेत त्यांनी करुणाला पाहिलं आणि थेट आमच्या घरी येऊन बाबांना म्हणाले, "पोरगी मले द्या भाऊ, चार वर्षांसाठी. परत करतो." बाबा हसले होते. म्हणाले, "परत नका करू सर, लय खाते ते." करुणा आतून ओरडली होती, "बाबा, आयकू येऊन राहिलं मले!"

तिला बाण सोडताना तुम्ही पाहायला हवं होतं. बाण सुटला की तिचा उजवा हात मानेला घासून मागे जायचा आणि कानामागे थांबायचा — बट मागे सारावी तसा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सर नव्या पोरांना तिच्या मागे उभं करायचे आणि म्हणायचे, "बाण नका पाहू रे, तो जाईन तिकडे जाईन. तिचा हात पाहा."

तिच्या हाताचं एवढं वर्णन मी का करतो आहे? कारण माझी गोष्ट त्या हाताचीच आहे.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करायचा असतो. वर्गातली मुलं तयार विषय घेत होती. मी ठरवलं, बाणाचं टोक करायचं — आमच्या मैदानावर त्याला पॉइंट म्हणतात. करुणाच्या बाणांचे पॉइंट जड होते, आणि पॉइंट जिथे बाणाच्या दांडीला भेटतो तिथे एक बारीक पायरी होती. त्या पायरीवर हवा अडते. मी पायरी काढून टाकली. टोकापासून दांडीपर्यंत एकच सलग उतार, पोट ॲल्युमिनियमचं, नाकावर स्टीलचा दाणा. हवा अडू नये, वजन कमी व्हावं, बाण जलद जावा. कागदावर ते फार सुंदर दिसायचं. अजूनही दिसतं.

एका अंजनगावच्या पोराच्या या टोकाला किती लोकांनी हात लावला! अकोल्याच्या एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या जब्बारचाचांनी डझनभर पॉइंट कातून दिले. भिंगातून बघत म्हणाले, "बेटा, ये तीर है के सुई? बीबी को दूँ तो रजाई सी देगी." आमच्या गावच्या सोनाराने त्याच्या काट्यावर एकेक पॉइंट तोलू दिला, गिऱ्हाईक थांबवून. जुन्यापेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने हलका भरला. आणि सरांनी मैदान दिलं, बाण दिले, करुणा दिली.

पहिल्या दिवशी बाण लक्ष्याच्या डोक्यावरून गेले. इतके जलद झाले होते. करुणाला धनुष्यावरची नेम धरायची खूण वर सरकवावी लागली. सर म्हणाले, "अरे, हे तं बंदूक करून ठेवली!" सगळे हसले. मी त्या दिवशी चालत घरी गेलो. सायकल मैदानावरच विसरलो होतो.

दुसऱ्या आठवड्यात काही बाण डावीकडे जायला लागले. सगळे नाही. सहातले चार एकत्र, आणि दोन डावीकडे, लांब. सरांनी दोन दिवस तिच्या मागे उभं राहून पाहिलं. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचे बाण डावीकडे जातात तेव्हा शिकवणारा आधी बोटांकडे पाहतो. तसंच त्यांनी पाहिलं. "तू बोटं उपटून राहिली करुणा. दोरी सुटली पायजे, उपटली नाई पायजे." करुणा मान हलवायची आणि पुन्हा बाण लावायची.

मला शंका आली होती. बाण सुटतो तेव्हा सरळ जात नाही — पुढचे काही हात तो मासोळीसारखा लचकत जातो. पुढचं वजन त्याला तसा लचकवतं, आणि त्या लचकण्यामुळेच तो धनुष्याला न घासता निघून जातो. मी पुढचं वजन काढलं होतं. तीच दांडी आता जास्त ताठ वागणार होती. शेपूट धनुष्याला घासणार होतं. हवेचा हिशेब मी चाळीस पानं केला होता. दांडीचा केलाच नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे फक्त टोक होतं.

हे तपासायची एक साधी रीत आहे. एका बाणाची मागची पिसं काढून टाकायची आणि जवळून सोडायचा. पिसं बाणाची चूक झाकतात. ती काढली की चूक उघडी पडते. मी करुणाला म्हटलं, प्रोजेक्टसाठी थोडे रीडिंग हवेत. सर आले नव्हते. जुना पॉइंट लावून बिनपिसांचा बाण तिने सोडला — तो बाकीच्या बाणांना चिकटून बसला. मग माझा पॉइंट लावून सोडला. तो वीतभर डावीकडे गेला. पुन्हा सोडला. पुन्हा वीतभर डावीकडे. पाच वेळा. तोच हात, तीच बोटं, तोच कानामागे थांबणारा तळवा.

आता सांगतो.

ती बाण काढून आणायला गेली होती. परत येताना तिने विचारलं, "काय निघालं रे दादा? माहा हातच खराब हाय नं?"

आणि मी म्हणालो, "थोडं रिलीजवर लक्ष दे."

हेच ते. एवढंच वाक्य. मी नुसता गप्प बसलो असतो तर आज म्हणू शकलो असतो की बोलायचं राहून गेलं. पण मी बोललो. वहीत पाच आकडे लिहिले होते, शाई ओली होती, आणि मी माझ्या बहिणीला सांगितलं की दोष तिच्या हातात आहे.

का? नऊ दिवसांनी बाहेरचे परीक्षक येणार होते. रिपोर्टचं बाइंडिंग झालं होतं, त्यात 'अचूकता वाढली' असं छापलेलं होतं. बाबांनी त्या रिपोर्टच्या सोनेरी अक्षरांवरून हात फिरवला होता. वजन दांडीशी जुळवायचं राहिलं, एवढं एक पान जोडलं असतं तर कदाचित परीक्षकांना ते जास्त आवडलं असतं — हे मला आज शिकवताना कळतं. तेव्हा मला वाटलं, परीक्षा होऊ दे, मग पॉइंट बदलून टाकू. नऊ दिवसांत काय बिघडणार?

परीक्षा झाली. बक्षीस मिळालं. पेपरात आमच्या दोघांचा फोटो आला — माझ्या हातात पॉइंट, तिच्या हातात धनुष्य. गल्लीतल्या विहारात सत्कार झाला. करुणाने सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या. फोटो आल्यावर पॉइंट कसे काढायचे? नऊ दिवसांचे पाच आठवडे झाले.

आणि त्या पाच आठवड्यांत सर तिचा हात बदलत होते. मनापासून, रोज, सकाळ-संध्याकाळ. हात मागे जाऊ द्यायचा नाही, जबड्याशीच थांबवायचा. ती आत्याच्या खोलीत आरशासमोर उभी राहून रिकाम्या बोटांनी तेच करायची. मी बोर्डवर मान खाली घालून बसायचो. आरशात मीही दिसायचो तिला.

मग एके दिवशी ती कॉलेजात असताना मी तिचे बाण गरम पाण्यात धरले, डिंक सैल करून माझे पॉइंट काढले आणि जुने बसवले. तिला सांगितलं, ॲल्युमिनियमचे वाकायला लागले. खोटं लपवायला दुसरं खोटं. मला वाटलं, सुटलो. आता बाण परत सोन्यात बसतील — पिवळ्या वर्तुळाला आम्ही सोनं म्हणायचो — आणि कुणाला काही कळणार नाही.

बाण पांगतच राहिले. आता डावीकडे नाही, कुठेही. कारण आता खरोखरच हात बिघडला होता. तिचा स्वतःचा हात मोडून गेला होता आणि नवा आलाच नव्हता. जुने पॉइंट लावूनही जमत नाही, म्हणजे दोष हातातच — माझ्या गुपचूप दुरुस्तीने तिच्याविरुद्ध पुरावाच तयार केला.

अशाच एका संध्याकाळी आम्ही मैदानावरून चालत येत होतो. ती म्हणाली, "दादा, तुले एक सांगू? रागावजो नको. मले मनात वाटे का तुह्या पॉइंटमुळेच होऊन राहिलं. आता जुने लावले तरी तेच. मी उगाच तुह्या मेहनतीले नाव ठेवत होती." आणि तिने माझा दंड धरला.

मी काय केलं असेल? मी म्हणालो, "जाऊ दे."

राज्य संघाच्या निवड चाचणीत ती खूप खाली राहिली. त्यानंतर तिने धनुष्य सरांना परत केलं. रडली नाही. पुढच्या रविवारी सर एसटीने अंजनगावला आले. आमच्या ओट्यावर बसले, आणि बाबांसमोर त्यांनी हात जोडले. "भाऊ, पोरीचा हात चांगला होता. मीच बिघडवला. तिले तिच्या हातानं सोडू द्यायले पायजे होतं." बाबा गडबडून उठले. "सर, तुमी कायले हात जोडता? तुमच्यामुळं तं ते घराबाहेर पडली." मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होतो. माझ्याहून तीस वर्षांनी मोठा माणूस माझी चूक स्वतःच्या नावावर घेत होता, आणि मी त्याला विचारलं, "सर, चहा की सरबत?"

आज मी अमरावतीत पॉलिटेक्निकला शिकवतो. मुलाखतीला गेलो तेव्हा तो पॉइंट खिशात होता; टेबलावर ठेवला आणि तो हातोहात फिरला. माझ्या घरचं सगळं — आईचा दवाखाना, पक्कं छत, लेकीची शाळा — त्या टेबलापासून सुरू झालं. करुणा हिवरखेडजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. तिचा नवरा चांगला आहे, पोरं तिच्यावर जीव टाकतात. ती सुखात आहे, हे वाक्य मी आधीच्या मसुद्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं. मग खोडलं. ते लिहून मला फार बरं वाटलं होतं, म्हणून.

या हिवाळ्यात कामासाठी नागपूरला जाताना मी तिवशाला उतरलो. सर निवृत्त होऊन तिथे राहतात. खूप थकलेत, पण मला पाहून खुर्चीतून उठले. बोलता बोलता म्हणाले, त्यानंतर त्यांनी कुणाच्या हाताला हात लावला नाही. पोरं चुकत असली तरी नुसतं उभं राहून पाहायचे. बोलायची हिंमतच झाली नाही. "दोन-तीन पोरं सुधरली असती बी," ते म्हणाले, "पण मले करुणा आठवे." मग निघताना त्यांनी माझा हात धरून ठेवला. "तिले सांगजो बेटा. म्हणा, सरनं माफी मागतली. तिच्या बापाजोळ मागतली होती, तिच्याजोळ मागायची राहिली."

खोलीत आम्ही दोघंच होतो. दार लोटलेलं होतं. मी म्हणालो, "सांगतो सर."

आणि सांगितलं. बसस्टँडवरूनच करुणाला फोन लावला. "सर भेटले होते. तुझी माफी मागितली त्यांनी." ती म्हणाली, "त्यायची काय चूक रे दादा? हात माहा होता. त्यायले म्हणा, मीच माफी मागते, त्यायची दोन वर्षं वाया घातली मी. सांगशील नं?"

दोघंही निर्दोष. दोघंही एकमेकांची माफी मागत होते, आणि ती पोचवायला त्यांना माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "सांगतो." तेवढ्यात नागपूरची गाडी लागली. मी गाडीत जाऊन बसलो.