शेखने मोजलेलं आकाश

मलकापूरला उतरलो तेव्हा उन्हं चढली होती. फलाटावर कापसाच्या गाठी रचलेल्या. नवं राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली, तरी वऱ्हाडात मी पहिल्यांदाच येत होतो. तेही हौसेनं नव्हे. रहीम शेखला एक गोष्ट सांगायची होती.

पुण्याजवळच्या एका वेधशाळेत आम्ही दोघं काचेच्या छायापट्ट्यांवर भिंगातून दीर्घिका (ताऱ्यांचे अफाट समूह) मोजत असू. उत्तरेचं आकाश माझ्याकडे, दक्षिणेचं त्याच्याकडे. नकाशा झाला तेव्हा त्याची बाजू विरळ दिसली. वेधशाळेचे साहेब म्हणाले, "शेख डोळे झाकून मोजतो." शेख मला म्हणाला होता, "एक डाव पट्ट्यांच्या पेट्या बदलून पाहू." मी नाही म्हटलं. महिन्याभरात त्याला काढलं.

यंदा त्याच्या पट्ट्या माझ्या हाती आल्या. मी मोजल्या, तर तेच विरळ आकाश गच्च भरलं. एकेक खूण पुन्हा तपासली तेव्हा कळलं : काचेवरचे ठिपके, पुसट तारे, सगळं मी दीर्घिका म्हणून धरत आलो होतो. चूक प्रत्येक वेळी एकाच बाजूची. हजार पट्ट्या मोजल्या तरी ती भरून निघाली नसती.

नांदुऱ्यापुढे एसटी पंक्चर झाली. शेजारच्या बाईंनी भाकरीवर ठेचा ठेवून पुढे केला. "खा ना भाऊ, काऊन (का) लाजता?" मी भाकरी रुमालात बांधून ठेवली.

पिंपळगाव राजाला शेख वांग्यांना पाणी देत होता. मला पाहून हसला नाही. बाज मात्र टाकली. मी सगळं सांगितलं.

"मले तवाच माहीत होतं," तो म्हणाला.

"मग भांडलास का नाहीस?"

"कोनासंग? तुह्यासंग? तूच तं नाई म्हनलं. अब्बा मागच्या साली गेले. त्यायले आखरीपर्यंत वाटे, पोरानं कामचुकारी केली. आता त्यायले कोन सांगन?"

"परत येशील? मी साहेबांशी बोलतो."

"पाटाचं पानी फुटून राह्यलं," म्हणत तो फावडं घेऊन उठला. पुन्हा बाजेकडे आला नाही.

पुण्यात साहेबांनी माझ्या चुकीची कबुली देणारं टिपण वाचलं. नकाशा सुधारला. खाली बारीक टाइपात छापलं : 'निरीक्षकांमधील फरकामुळे दुरुस्ती.' कोणता निरीक्षक चुकला, कोणता बरोबर होता, ते नाही. छापण्यापूर्वी मुद्रितं माझ्याच टेबलावर होती, पूर्ण दोन दिवस. मी फक्त एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला.