कर्णिकांच्या चपला

निघताना सुमननं एवढंच सांगितलं, "घर बघून या. उणिवा मोजून येऊ नका." बायकोला माझा स्वभाव पाठ आहे. त्या वर्षी तिच्या दम्यानं उचल खाल्ली होती आणि माझगावची धूळ सोडा, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. त्याच सुमारास माझ्या शेजारच्या टेबलावर एकवीस वर्षं बसलेल्या कर्णिकांचं नाशिकबाहेरचं रो-हाउस विकायला निघालं. 'रिटायर झालो की नाशिक' म्हणत म्हणत कर्णिक तिथं एक दिवसही न राहता आठ महिन्यांपूर्वी वारले होते. दुसरं गिऱ्हाईक उभं असल्यानं कर्णिकवहिनींना सोमवारी हो किंवा नाही सांगायचं होतं. तेव्हा खिशात वहिनींनी दिलेली किल्ली आणि एक कागद घेऊन मी शनिवारी पहाटेची एसटी धरली. कागदावर डावीकडे 'मुंबई' लिहिलं होतं, उजवीकडे 'नाशिक'.

कसारा घाट चढून गेल्यावर खिडकीतून कोरडा, हलका वारा आला. उजवीकडे 'हवा' असं लिहिलं. घोटीला गाडी थांबली तेव्हा गरम भजी खाता खाता डावीकडे 'मासे', 'शेजार', 'हॉस्पिटल दहा मिनिटांवर' असं भराभर लिहून झालं. डावी बाजू आपोआपच भरत होती. खरं सांगायचं तर मला मुंबई सोडायची नव्हती. रस्त्यावरच्या गोंगाटाशिवाय मला झोपसुद्धा येत नाही.

पाथर्डी फाट्याच्या पुढे डांबरी रस्ता संपता संपता रिक्षावाल्यानं मला उतरवलं. "तिकडं कोण राहतं साहेब? सगळे मुंबईवाले. घर घेतात, लॅच ओढतात अन् जातात," असं म्हणून तो गेलासुद्धा.

द्राक्षांच्या मळ्यांमागे एका ओळीत अकरा घरं होती. प्रत्येक उंबऱ्यापाशी ताजी रांगोळी, दोरीवर कपडे, दारात चपला. रिक्षावाल्याला काय कळतंय, म्हणत मी पहिल्या घराची कडी वाजवली. ओ नाही. दुसरं घर, तिसरं. भांड्याचा आवाज नाही, रेडिओ नाही, कुणाचं खोकणंही नाही. चौथ्या घराच्या खिडकीतून आत डोकावलो तर रिकामी खोली, आणि फरशीवर पाऊल न उमटलेली धूळ. मग दोरीकडे नीट पाहिलं. उन्हानं शर्टांचा रंग पार उडून गेला होता. ते महिनोन् महिने तिथंच वाळत असावेत.

सात नंबरचं घर कर्णिकांचं. दारात तपकिरी चपलांचा जोड होता. डाव्या अंगठ्याला काळ्या दोऱ्याची जाड शिवण. ऑफिसखालच्या चांभारानं ती घातली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. चपला स्वच्छ पुसलेल्या होत्या आणि त्यांचं तोंड दाराकडे होतं. कर्णिक आत्ताच आत गेले असावेत, तशा. माझा हात किल्लीपर्यंत जाईना. घाबरलो, हे कबूल करतो. फाट्यावर चहा पिऊन येऊ, असं स्वतःलाच सांगून मी तिथून सटकलो.

तासाभरानं परत आलो तर अकराच्या अकरा जोडांची तोंडं बाहेरच्या बाजूला झालेली होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आल्या पावली परत फिरणार, तेवढ्यात शेवटच्या घरामागून बादली ठेवल्याचा आवाज आला आणि हातात फडकं घेतलेली एक बाई समोर आली.

"कोन पायजे?"

"या चपला कोण फिरवतं?"

"मीच की. रांगोळी बी मीच घालते. सकाळी तोंड भाईर, दिस मावळला की आत. हालल्या नाय तर चोराला कळतं, घरात कोन नाय. आज पानी उशिरा आलं म्हून उशीर झाला."

तिचं नाव जिजाबाई. मूळची पेठ तालुक्याकडची. घरं बांधायला आली आणि काम संपल्यावर राखणीला राहिली. घर बंद करून जाताना प्रत्येकानं आपला एक जुना जोड तिच्या हवाली करायचा, ही इथली रीत. तिनं मला नागलीची (नाचणीची) भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. मी ओशाळून दोन भाकऱ्या खाल्ल्या. मग कर्णिकांचं घर उघडलं. घर उत्तम होतं. आरपार वारा होता, पण शांतता इतकी की आपल्याच छातीतले ठोके ऐकू यावेत.

दारात उभी राहून जिजाबाई म्हणाली, "ह्ये साहेब कधी येनार ऱ्हायला? त्यांच्यासाठी कढीपत्ता लावलाय मागं."

मी सांगितलं. ती खालीच बसली. बराच वेळ त्या चपलांकडे बघत राहिली.

"म्हंजे आठ म्हयनं मी मेल्याल्या मानसाला रोज घराभाईर काढलं, रोज घरात घेतलं."

तिनं चपला उचलून बाजूला ठेवल्या. "ह्या आता हितं नाय चालायच्या. अन् दार मोकळं ठेवायचं नाय. तुमच्या काढा."

"घर अजून माझं नाही हो."

"चपला तर तुमच्या हायेत?"

मी काढल्या. दुपार झाली होती. चार पावलं गेलो आणि तळपाय भाजून उडी मारली. तिनं कर्णिकांच्या चपला माझ्यापुढे सरकवल्या. "घाला. त्यांना तरी कुठं जायला मिळालं?"

मेलेल्या माणसाच्या चपला पायात घालू नयेत, हे मलाही माहीत आहे. पण फाटा लांब होता. घातल्या. त्या मला बरोब्बर बसल्या, आणि दिवसभरात मी सगळ्यात जास्त घाबरलो तो तेव्हा.

परतीच्या गाडीत कागद काढला. डावी बाजू भरगच्च होती. कर्णिकांकडेही हे सगळं होतं. शेजार, ओळखीपाळखी, जवळ हॉस्पिटल. ते गेले त्या दुपारी डबा खाऊन त्यांनी टेबलावर डोकं टेकलं, तेव्हा झोप लागली असेल म्हणून आम्ही पंखा त्यांच्याकडे वळवला होता. अर्धा तास. वीस माणसांच्या खोलीत अर्धा तास कुणाला कळलं नाही, आणि सगळ्यात जवळ मी बसलो होतो. इकडे एक अनोळखी बाई रोज दोन वेळा त्यांची आठवण काढत होती. मला स्वतःची लाज वाटली. कागद घडी घालून खिशात टाकला.

घरी सुमनला सगळं सांगितलं. "मेलेल्याच्या चपला? दाराबाहेरच ठेवा आधी, आणि पाय धुवा," एवढंच ती बोलली. मग रात्रभर उशीला टेकून बसली आणि खोकत राहिली.

रविवारी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं. काल आत तोंड करून काढलेल्या कर्णिकांच्या चपला जिन्याकडे तोंड करून होत्या. शेजारी सुमनच्या चपला. त्याही तशाच.

आतून तिचा आवाज आला. मधे मधे श्वास घेत ती म्हणाली, "तुमच्या चपला तिनं आत्ता बाहेर वळवल्या असतील. संध्याकाळी आत वळवेल. तेव्हा आत खरंच कुणीतरी असू दे की हो. जिवंत."

सोमवारची वाट न बघता कर्णिकवहिनींना फोन करायला मी खाली उतरलो. अनवाणीच.