नवऱ्याला गोष्टीत मारलं तेव्हा

आपण जगलो तेवढंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, असा पन्नाशीत माझा बाणा होता. आता आजी झाल्यावर कळतं, तो बाणा नव्हता, शुद्ध आळस होता. पात्रं शोधायला घराबाहेर कोण जाणार? नवरा समोरच बसलेला असायचा. त्याचा भोकं पडलेला बनियन, चव न घेताच वरून मीठ घालायची खोड, इथल्या, परदेशातल्या, आमच्या हिल्सबरोच्या घरातला गळका नळ, सगळं जसंच्या तसं उचललं. गोष्ट मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात छापली, आणि तीही प्रथमपुरुषी. त्यामुळे म्हणे जिवंतपणा येतो.

त्या जिवंतपणापायी मी नवऱ्याला मारलं.

गोष्ट अशी, की बाई मॉलमध्ये पडदे निवडतेय आणि नवरा पार्किंगमध्ये, सीट मागे टाकून, तोंडावर टोपी घेऊन पडलाय. हेही खरंच. मंडळाच्या कार्यक्रमांनाही तो आत न येता असाच गाडीत पडून राही. बाई परत येते, तर तो गेलेला. ती रडत नाही. पडदे डिकीत ठेवते. संपली गोष्ट. या शेवटावर मी इतकी खूश होते की आरशासमोर दोनदा वाचून झाला.

अंक निघाल्यानंतरच्या शनिवारी मी कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेऊन आले, तर सोफ्यावर मंडळातली एक बाई आणि टीपॉयवर पिठलं-भाताचा डबा. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून बिचारी पार शहराच्या दुसऱ्या टोकाहून, बॉटनी डाउन्सहून, डबा घेऊन आली होती. बागकाम करायचं म्हणून मी मंगळसूत्र काढून ठेवलं होतं. माझा मोकळा गळा पाहून तिला हुंदकाच फुटला. समोर नवरा, हाफ पँट आणि जँडल्समध्ये, म्हणजे इथल्या रबरी सपातांमध्ये, मान खाली घालून.

"तुमच्या दिरांनी दार उघडलं ना ताई, मला धस्सच झालं," ती म्हणाली. "अगदी भावासारखे दिसतात हो."

तिने आजवर त्याची फक्त टोपी आणि हनुवटी पाहिली होती. पुण्याहून आलेले धाकटे का तुम्ही, असं तिने दारातच विचारलं आणि हा गृहस्थ हो म्हणून मोकळा झाला होता. मी तोंड उघडणार, तर त्याने डोळे वटारले. मग तिला विचारलं, दादा तुम्हा लोकांना कसा वाटायचा? तिने बराच विचार केला. म्हणाली, गाडी फार सरळ लावायचे. आणि दुखवट्याहून निघताना 'येते' म्हणत नाहीत म्हणून न बोलताच गेली.

तिला फोन करून खरं सांगायला हवं, असं म्हणत मी हसत सुटले. तो हसला नाही.

"तू रडली का नाहीस?"

मी संयमावर व्याख्यान दिलं. अव्यक्त दुःख वगैरे. "अहो, ती मी नाही. पात्र आहे ते."

"बनियन माझा, नळ आपला, मीठ माझं. न रडणारी तेवढी दुसरी?"

शेवटी खरं ते सांगितलं: त्या जागी बाईचं काय होतं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून उडी मारून मी पडद्यांवर गेले. त्याला ते मुळीच पटलं नाही. त्याने वही आणून पुढ्यात टाकली. "लिही."

आणि मी, मोठी लेखिका, स्वयंपाकघरात बसून नवऱ्याच्या समोर नवऱ्याच्या मरणाला रडायला लागले. आधी कागदावर. गाडीचं दार उघडलं, त्याला हाक मारली, पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेचा हंबरडा झाला, अक्षरं दिसेनात आणि नाक गळायला लागलं. तो दुखवट्याचं पिठलं जेवत शांतपणे बघत होता.

वही मागून घेतली, चष्मा लावून पान वाचलं.

"तो हंबरडा जरा जास्त होतोय," तो म्हणाला. वही माझ्याकडे सरकवली. "पण काढू नकोस."