आम्ही पुण्याचे

सुप्रभा पुण्याची होती आणि हे तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत कळायचं. कार्डिफच्या एका हॉस्पिटलात आम्ही दोघी क्लिनिकल कोडर. पेशंट घरी गेला किंवा देवाघरी गेला, की त्याची फाइल आमच्याकडे येते. डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक आजाराला आम्ही ठरलेला नंबर देतो. अंदाज करायचा नाही. डॉक्टरांनी लिहिलं नसेल, तर तो आजार आमच्या लेखी नाहीच. मी रिवका, भायखळ्याची बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. सबंध ऑफिसात मराठी आम्हा दोघींनाच यायचं, त्यामुळे भांडणंही मराठीतच व्हायची.

जंतांची एखादी दुर्मीळ फाइल आली, की ती सुप्रभाच्या टेबलावर पडायची. "युअर डिपार्टमेंट, लव्ह," असं आमची सुपरवायझर हसत म्हणायची. मला कधी म्हणाली नाही. माझं नाव रिवका ना! सुप्रभा तिच्यासमोर हसायची आणि कॅन्टीनमध्ये माझ्यावर डाफरायची. "मी काय चिखलात वाढले? आमचा कोथरूडला बंगला आहे." काम मात्र चोख. ब्रह्मदेशात जपान्यांच्या कैदेत राहिलेल्या एका म्हाताऱ्या सैनिकाची फाइल तिनेच केली होती. अनवाणी पायांतून शिरलेला बारीक जंत साठ वर्षं त्याच्या आतड्यात गप्प राहिला आणि स्टेरॉइड दिल्यावर अंगभर पसरला. "बिचारा," एवढंच ती म्हणाली.

२००६ साली तिची आई, लीलावतीबाई, तिच्याकडे राहायला आल्या. बंगला खरा होता, पण तो त्यांच्या पन्नाशीत बांधलेला. त्याआधीचं आयुष्य चिपळूणजवळ भातलावणीत गेलं होतं. त्या मला गावाकडच्या गोष्टी रंगवून सांगायच्या आणि लेक आली की गप्प बसायच्या.

हिवाळ्यात त्यांना धाप लागायला लागली. क्लिनिकमधल्या तरुण डॉक्टरने स्टेरॉइड लिहिण्याआधी नीट विचारलं, की या कधी खेड्यात राहिल्यात का, शेतात अनवाणी काम केलंय का? बाईंना इंग्रजी येत नव्हतं. सुप्रभाने त्यांना प्रश्न सांगितलासुद्धा नाही. "नो, नो. वी आर फ्रॉम पुणे. इट्स अ बिग सिटी." त्यावर विसंबून डॉक्टरने स्टेरॉइड सुरू केलं.

हे तिनेच मला वॉर्डबाहेर सांगितलं, बाईंना ताप चढून शुद्ध हरपायला लागली तेव्हा. "रिवका, मला तो सैनिक आठवला होता गं. तिथेच, डॉक्टरसमोर. तरी तोंडातून पुणंच आलं."

"मग इथे काय उभी आहेस? जा, सांग त्यांना!" मी ओरडलेच.

ती धावत आत गेली. तपासणीत जंत सापडले, औषध सुरू झालं, पण फार उशीर झाला होता. त्याच आठवड्यात लीलावतीबाई गेल्या. मला सुप्रभाचा राग आला, अजूनही येतो, आणि तिच्यासाठी पोटात तुटतंही.

घरच्या माणसाची फाइल आपण करायची नसते, म्हणून ती मी केली. सैनिकाला दिलेलाच नंबर दिला.

अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या माणसाकडे मी तिच्याबरोबर गेले. तिने आईचं लुगडं त्याच्या हाती दिलं. त्याने अदबीने विचारलं, "एनी शूज फॉर युअर मदर?"

"नो शूज," सुप्रभा म्हणाली. "शी वॉज फ्रॉम अ व्हिलेज. शी वर्क्ड इन द राइस फील्ड्स. बेअरफूट. ऑल हर लाइफ."

त्याने एवढं विचारलंच नव्हतं. तरी ती सांगत राहिली. गावाचं नावसुद्धा तिने त्याला दोनदा सांगितलं.